रिस्पना : एका ओढ्याचं पाणी



आज मी ज्या नदीबद्दल बोलणार आहे तिचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसेल. रिस्पना. नदी म्हणायचं ते सवयीने. आमच्या साताऱ्याकडे तिला कुणीही ओढाच म्हटलं असतं. मसुरीच्या डोंगरात ती उगम पावते, डेहराडून शहराच्या पूर्व अंगाने खाली येते, शहराच्या दक्षिणेला बिंदाल नावाच्या तशाच दुसऱ्या ओढ्याला मिळते आणि तिथून पुढे दोघींचं मिळून नाव सुसवा होतं. सुसवा सौंग नदीत जाते आणि सौंग रायवालाजवळ गंगेत. रायवालाच्या खाली हरिद्वार. म्हणजे तुमच्या आजीने हर की पौडीवरून गंगाजलाचा जो गडू आणून देवघरात ठेवला असेल, त्यात या ओढ्याचाही थोडा अंश आहे. म्हणून म्हटलं, ओळख करून द्यावी.

मी पाण्याचा शास्त्रज्ञ नाही. पायदळात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर डेहराडूनला घर केलं. पायदळातल्या माणसाला पाण्याबद्दल दोन गोष्टी कळाव्याच लागतात : ते कुठे आहे, आणि पिण्याजोगं आहे का. पहिली भूगोलाची, दुसरी गुणवत्तेची. शहरात आल्यावर लक्षात येतं की या दोन गोष्टींची खाती वेगळी, माणसं वेगळी, बैठकाही वेगळ्या. माझं म्हणणं असं आहे की रिस्पनाचं पाणी खराब का झालं याचं उत्तर नुसतं कचऱ्यात शोधलं तर अर्धंच सापडतं. उरलेलं अर्धं तिच्या भूगोलात आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला मसुरीची डोंगररांग, उंची साधारण दोन हजार मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मसुरीचा बाजार कळसूबाईच्या माथ्याच्याही साडेतीनशे मीटर वर भरतो. दक्षिणेला शिवालिकच्या बुटक्या टेकड्या. या दोन रांगांच्या मधली लांबोडकी दरी म्हणजे दून. डेहराडून शहर सुमारे ६४० मीटरवर. गंमत अशी की हे शहर पाणी वाटून देणाऱ्या उंचवट्यावर बसलेलं आहे. पश्चिमेकडची टौंस, जिच्या शेजारी आमची मिलिटरी अकादमी आहे, ती आसन नदीत जाते आणि आसन यमुनेत. पूर्वेकडची रिस्पना गंगेला जाते. एकाच शहरात पडलेले पावसाचे दोन थेंब इथे वेगळे होतात आणि थेट प्रयागला भेटतात.

आता वरून खाली चालू. मसुरी आणि लंढौरच्या दक्षिण उतारावर रिस्पनाचे छोटे छोटे फाटे सुरू होतात. गढवाली माणूस त्यांना गधेरा म्हणतो. हे सगळे एकत्र येऊन राजपूरपर्यंत उतरतात. हवाई अंतर दहा किलोमीटरच्या आत आणि उतार हजार मीटरच्या वर. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, पुण्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढा उतार आणि एवढा पाऊस म्हटल्यावर पावसाळ्यात हा ओढा काय करत असेल ते सह्याद्रीत फिरलेल्यांना सांगायला नको. टेबलाएवढे दगड घेऊन येतो.

पण सह्याद्री आणि मसुरी यांत एक मोठा फरक आहे, आणि तो खडकाचा आहे. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, पाणी फार पीत नाही. भेगा असतील तिथे मुरतं, बाकी वाहून जातं. मसुरीच्या डोंगरात चुनखडी आणि डोलोमाइट आहे. भूगर्भशास्त्रज्ञ याला क्रोल म्हणतात, हिमाचलात सोलनजवळ क्रोल नावाचा डोंगर आहे त्यावरून. हा खडक भेगाळलेला असतो, आणि पावसाचं पाणी त्या भेगा विरघळवून आणखी रुंद करतं. मातीतून मुरताना पाणी कार्बन डाय ऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी खात खात आत उतरतं. पावसाळ्यात पडलेलं पाणी डोंगर पोटात साठवतो आणि पुढचे आठ महिने झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. रिस्पना उन्हाळ्यात वाहते ती पावसावर नाही, या झऱ्यांवर. इथले लोक झऱ्याला धारा म्हणतात. शेजारच्या बाल्दी नदीवरच्या सहस्रधारेला तुम्ही सहलीला गेला असाल, तिथे टपकणाऱ्या पाण्याने खडकावर चुन्याचे थर चढलेले दिसतात. तोच सगळा प्रकार.

म्हणून या पाण्याचा पहिला गुण कठीणपणा. शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो ना, साबणाला फेस न येणारं? तेच. आमच्या घरी याची पहिली तक्रार स्वयंपाकघरातून आली. तुरीची डाळ कुकरच्या पाच शिट्ट्यांनंतरही वेगळी वेगळी. सौ. म्हणाली, दुकानदाराने जुनी डाळ दिली. डाळ बदलली, तरी तेच. किटलीच्या बुडाला पांढरा थर, गिझरची कॉइल दोन वर्षांत गेली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. चुनखडीतल्या पाण्याला २०० ओलांडायला वेळ लागत नाही. मात्र एक लक्षात घ्या, कठीण पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम शरीराला चालतो. डाळीला चालत नाही, एवढंच. डाळ वेगळ्या मृदू पाण्यात शिजवा आणि विषय संपवा.

दुसरा गुण प्राणवायूचा. थंड पाणी जास्त प्राणवायू धरून ठेवतं. समुद्रसपाटीला १० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. उंचीवर हवा विरळ म्हणून तो थोडा कमी होतो, पण दगडांवर आपटत, फेसाळत उतरणारा ओढा ती कसर भरून काढत राहतो. राजपूरच्या वर रिस्पनाचं पाणी बघा. गोट्यांखाली किडे, अळ्या, छोटे मासे. दगड उलटा करून पाहणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातच राहणारे काही किडे असतात, ते दिसले की प्रयोगशाळेला फोन करायची घाई नसते.

मात्र स्वच्छ दिसणारं पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही, आणि इथे फौजेचा थोडा अनुभव सांगतो. फौजेत ओढ्याकाठी तळ पडला की पहिला हुकूम पाण्याचा. सगळ्यात वर पिण्याचं पाणी भरायचं, त्याखाली जनावरं, त्याखाली आंघोळ आणि कपडे. हा क्रम मोडणाऱ्याला क्षमा नाही. मग हॉरॉक्स बॉक्स. हॉरॉक्स हा ब्रिटिश लष्करी डॉक्टर, त्याने ही पेटी बसवली. सहा पांढरे कप आणि एक काळा. काळ्या कपात ब्लीचिंग पावडरचं द्रावण करायचं, पांढऱ्या कपांत ओढ्याचं पाणी घ्यायचं, पहिल्या कपात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्चचं निर्देशक द्रव्य टाकायचं. जो पहिला कप स्वच्छ निळा होईल त्याचा नंबर गुणिले दोन, इतके ग्रॅम पावडर ४५५ लिटरला. तिसरा कप निळा झाला तर सहा ग्रॅम. बारावी नापास जवानही हे बिनचूक करत असे, कारण त्यात मत द्यायला जागा नाही.

आणखी एक साधन आपल्याच संरक्षण खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेतून आलं. १९८२ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते, पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतून येणाऱ्या जंतूंबरोबरचे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पाणी काळं पडतं. काळं झालं म्हणजे पिऊ नका. ही बाटली आता बाजारात सहज मिळते. मी आणि माझे दोन शेजारी राजपूरच्या वरून खाली मोथरोवालापर्यंत अशा बाटल्या भरत गेलो. अगदी वरची, काचेसारख्या पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्या दिवशी करडी झाली. वर गुरं चरतात, सहलीला माणसं येतात, घरं होत चालली आहेत. पहाडातला झरा आहे म्हणून ओंजळ लावणाऱ्या ट्रेकर मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं. खालच्या बाटल्यांचं काय झालं ते सांगायला नको, त्या रात्रीतच काळ्या झाल्या.

आता मधल्या टप्प्याकडे येऊ, कारण सगळी कहाणी तिथे आहे. राजपूरजवळ डोंगर अचानक संपतो. तिथे मोठा भ्रंश आहे, हिमालयाचा जुना खडक दक्षिणेकडच्या नव्या थरांवर चढून बसलेला. उतार मोडला की ओढ्याचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की हातातलं ओझं टाकतो. लाखो वर्षं असं ओझं टाकून टाकून दरीत दगडगोट्यांचा आणि वाळूचा शेकडो मीटर जाड पंखा तयार झाला आहे. शहर त्या पंख्यावर आहे. गोट्यांच्या या थरात पाणी चाळणीतल्यासारखं खाली जातं. म्हणून दूनमधले बरेच ओढे मध्ये कोरडे दिसतात. पाणी संपलेलं नसतं, पात्राखालून चाललेलं असतं, आणि खाली दक्षिणेला, जमीन सखल होते तिथे, पुन्हा झऱ्यांच्या रूपाने वर येतं. सुसवा मुळात अशा वर आलेल्या पाण्यावर जगणारी नदी. जुनी माणसं सांगतात, तिच्या थंड पाण्यात सुसवा नावाची एक पालेभाजी उगवायची, तिच्यावरूनच नदीचं नाव पडलं. ती भाजी आता ताटात येत नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडा काळा दाखवायची पद्धत आहे. सर्व्हेचं मुख्यालय आमच्याच शहरात. तर रिस्पना म्हणजे वर निळी, मध्ये काळी आणि खाली पुन्हा निळी अशी नदी. हा तिचा स्वभाव. मधला टप्पा उन्हाळ्यात बारीक होणं हा आजार नव्हता.

या पाण्यावर पहिला हक्क सांगितला तो शेतीने. सतराव्या शतकातल्या गढवालच्या राणी कर्णावतीने राजपूरजवळून रिस्पनाचं पाणी कालव्याने दूनमध्ये आणलं असं मानतात. पुढे इंग्रजांनी कालव्यांचं जाळं वाढवलं. डेहराडूनचा बासमती, लिची, आंब्याच्या बागा या पाण्यावर वाढल्या. आज ईस्ट कॅनॉल रोड हे रस्त्याचं नाव उरलं आहे, कालवा स्लॅबखाली गेला.

आणि पाण्याचं मोल कुणाला कळलं असेल तर ते खलंगाच्या किल्ल्यातल्या गोरख्यांना. १८१४ साली इंग्रजांची फौज दूनमध्ये उतरली तेव्हा नालापानीच्या टेकडीवर बलभद्र सिंहाने सहाशेच्या आसपास माणसांनिशी किल्ला धरला होता, त्यांत बायका आणि मुलंही होती. ३१ ऑक्टोबरच्या हल्ल्यात इंग्रजांचा सेनापती जनरल गिलेस्पी मारला गेला. मग इंग्रजांनी मोठ्या तोफा आणवल्या, तरी दुसरा हल्लाही फसला. शेवटी त्यांनी किल्ल्याला पाणी देणारा झरा तोडला. ३० नोव्हेंबरला किल्ला पडला, तेव्हा बलभद्र सत्तरएक माणसं घेऊन वेढ्यातून बाहेर निघून गेला. या लढाईचं स्मारक रिस्पनाच्या काठी, सहस्रधारा रस्त्यावर आहे. दोन स्तंभ आहेत, एक गिलेस्पी आणि त्याच्या माणसांचा, दुसरा बलभद्र आणि त्याच्या गोरख्यांचा. शत्रूचं स्मारक शेजारी उभारणं हे जगात फार ठिकाणी दिसत नाही. डेहराडूनला आलात तर मसुरीच्या रांगेत तासभर अडकण्याआधी इथे दहा मिनिटं थांबा.

पुढचा घाव चुनखडीवर पडला. दगड चांगला, मागणी मोठी, म्हणून मसुरीच्या उतारांवर खाणी सुरू झाल्या. सुरुंग लागले, राडारोडा दऱ्यांत ढकलला गेला, ओढ्यांची पात्रं भरून वर आली. डोंगर दुरून बघितला तर पांढऱ्या जखमा दिसायच्या. मी अकादमीत होतो तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्या आम्ही रोज पाहत होतो. १९८३ मध्ये इथल्या रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि १९८५ मध्ये बऱ्याच खाणी बंद करण्याचा आदेश दिला. पर्यावरणाच्या मुद्द्यावरचे देशातले जे पहिले मोठे निकाल, त्यांत हा येतो. त्यातून एक गोष्ट सरकारी कागदावर आली : चुनखडी ट्रकमध्ये भरली तर तिचे पैसे एकदाच मिळतात, डोंगरात राहू दिली तर ती दर वर्षी पाणी देते.

जखमा भरायचं काम फौजेकडे आलं याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. १ डिसेंबर १९८२ ला गढवाल रायफल्सची १२७ वी प्रादेशिक सेना बटालियन, इको टास्क फोर्स, उभी राहिली. बहुतेक जवान निवृत्त, याच डोंगरातले. काम काय? उतारांवर दगडी बांध घालायचे, राडारोडा थोपवायचा, गवत लावायचं, मग झुडपं, मग झाडं. आणि लावलेल्या झाडाजवळ वर्षानुवर्षं थांबायचं. आज मसुरीच्या त्या उतारांकडे पाहणाऱ्याला तिथे खाणी होत्या हे सांगावं लागतं. आपल्या मराठवाड्यातही महार रेजिमेंटची अशी इको बटालियन काम करते आहे.

म्हणजे डोंगर सावरला. मग नदी का सावरली नाही?

२००० साली उत्तराखंड झालं, डेहराडून राजधानी झाली. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास माणसं होती, आता किती वाढली ते रस्त्यावर गाडी घेऊन निघालं की कळतं. या माणसांना पाणी हवं. राजपूरच्या वर झऱ्यांचं जे थंड, चांगलं पाणी ओढ्यात येतं ते तिथेच उचलून पाइपाने शहराला दिलं जातं. यात चोर कुणी नाही. ते पाणी आम्हीच पितो, मीही पितो. खाली शहरात नळकूपांनी जमिनीखालचं पाणीही उपसलं जातं, म्हणजे गोट्यांतून जे चोरपावलांनी जायचं तेही कमी झालं. आणि मग पात्रात काय उरलं? शहरातले छोटे नाले आणून सोडतात ते.

आता साधा हिशेब करू. पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो त्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीला योग्य नदीचा बीओडी लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू पाचच्या खाली नसावा, असा आपल्या देशाचा निकष आहे. स्वच्छ पहाडी पाण्याचा बीओडी एकच्या आसपास धरा. घरगुती सांडपाण्याचा दोनशे. चांगली प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा दहा. नऊ बादल्या पहाडी पाण्यात एक बादली कच्चं सांडपाणी टाकलं, तर बीओडी एकवीसच्या जवळ. नापास. नऊ बादल्यांत एक बादली प्रक्रिया केलेलं टाकलं, तर दोनच्या आत. पास. आणि त्या नऊ बादल्या नसतीलच, नुसतं प्रक्रिया केलेलं पाणी वाहत असेल, तर? दहा. पुन्हा नापास.

माझं सगळं भाषण या तीन बादल्यांच्या हिशेबात आहे. एक प्लांट चालवून नदी येत नाही आणि एक प्लांट न चालवता नुसतं पाणी सोडूनही येत नाही. मोथरोवाला आणि कारगीला सांडपाण्याचे प्रकल्प आहेत, पण जे सांडपाणी त्यांच्यापर्यंत पोचतं त्यावरच ते प्रक्रिया करणार. जो नाला थेट पात्रात पडतो त्याला प्रकल्प काय करणार? आणि वरचा प्रवाह तोडलेला असेल तर उत्तम प्रकल्पही नदीला पास करू शकत नाही.

आठवतो फौजेतला क्रम? वर पिणं, खाली धुणं. शहराने तो क्रम तंतोतंत पाळला. अडचण एवढीच की तळ उठतो, शहर उठत नाही, आणि खाली कुणीतरी पितच असतं.

आमच्या घरी कामाला येणारी बाई रिस्पनाच्या पात्रातल्या वस्तीत राहते. त्या काळ्या बाटल्या तिने आमच्या ओट्यावर पाहिल्या. विचारलं, हे काय? सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पाण्याची बाटली घेऊन आली. "साहब जी, हमारे हैंडपंप का भी देख दो." तेही काळं झालं. गोट्यांचा थर आहे ना, पात्रातली घाण शेजारच्या हापशात उतरायला भिंत कुठली? आता ती पाणी उकळते. मला म्हणाली, "गैस का अलग खर्चा हो गया." चार मुलांच्या घरात पाणी उकळण्याचा गॅस हा लहान खर्च नसतो. आणि पावसाळ्यात जोराची सर आली की तिच्या घरी रात्रभर कुणीतरी जागं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सहस्रधारेच्या बाजूला एका रात्रीत जो पाऊस कोसळला आणि जे नुकसान झालं, माणसं गेली, त्यानंतर तर या वस्त्यांची झोपच गेली आहे.

पात्रात राहणाऱ्यांनाच दोष द्यायची शहरात पद्धत आहे. द्यायचाच असेल तर सगळ्यांना द्या. राज्याचं विधानभवनसुद्धा रिस्पना पुलाजवळ, नदीच्या अंगालाच आहे. कोरडी दिसणारी नदी म्हणजे मोकळी जमीन, असं गरिबाला वाटतं तसंच श्रीमंतालाही वाटतं, फक्त श्रीमंताकडे नकाशा मंजूर करून घ्यायचे पैसे असतात. आता रिस्पना आणि बिंदाल या दोन्हींच्या पात्रांवरून मिळून सुमारे २६ किलोमीटरचा उन्नत रस्ता करायचा प्रस्ताव आहे. वाहतूक कोंडी खरी आहे, मीही तिच्यात अडकतो. पण टेबलाएवढे दगड आणणाऱ्या ओढ्यात खांबांची रांग उभी करायची तर आधी त्या ओढ्याला किती जागा लागते हे ठरवायला हवं, आणि ते मे महिन्यातलं पात्र बघून ठरत नाही. पायदळात आम्ही कोरड्या नाल्यात तंबू ठोकत नाही. त्यामागे कुठलाही मोठा सिद्धांत नाही.

२०१८ मध्ये राज्य सरकारने रिस्पना पुन्हा ऋषिपर्णा करायची मोहीम काढली. तिचं जुनं नाव ऋषिपर्णा होतं असं म्हणतात. इको टास्क फोर्सही त्यात उतरली, जुलैमध्ये एका दिवसात काठावर आणि वरच्या भागात मोठी वृक्षलागवड झाली. चांगली गोष्ट. एका दिवसात रोपं लावणं फौजेला अवघड नाही, शाळेतली मुलंही हौसेने येतात. पाच वर्षं ते रोप जगवणं अवघड. पण माझा मुद्दा वेगळा आहे. रोप कुठे लावलं? शहरातल्या काठावर लावलेलं झाड सावली देईल, धूप थांबवेल. उन्हाळ्यातला प्रवाह मात्र वर ठरतो, जिथे चुनखडी पाणी पिते तिथे. कुठल्या झऱ्याला कुठल्या उतारावरचं पाणी पोचतं हे खडकाचा कल बघून शोधावं लागतं, कधीकधी ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सापडतं. या विषयात पुण्याच्या अॅक्वाडॅम या संस्थेने हिमालयात फार चांगलं काम केलं आहे, सिक्कीमपासून उत्तराखंडपर्यंत. काळ्या पाषाणात शिकलेली आपली मराठी मंडळी इथे येऊन झरे वाचायला शिकवतात, याचं मला फार बरं वाटतं. नेमक्या जागी चर खणले, बांध घातले, ती जागा बांधकामापासून वाचवली, तर झरा परत येतो.

दुसरी मागणी पाणी सोडण्याची. शहराला पाणी देण्यासाठी सौंग नदीवर धरणाची योजना आहे. ते पाणी आलं की राजपूरच्या वरून आज जे उचलतो त्यातला ठरावीक वाटा, निदान मार्च ते जूनमध्ये, पात्रात सोडावा. हे आत्ताच, धरण व्हायच्या आधी कागदावर यायला हवं. एकदा नवं पाणी आलं की नवे फ्लॅट येतात, आणि जुनं पाणीही परत मिळत नाही.

तुमच्यापैकी कुणी भोपाळला आहे, कुणी बडोद्याला, कुणी बंगळूरला. तुमच्या गावातही असा एखादा नाला असेल ज्याच्या नावापुढे कुणी आता नदी लावत नाही. एक रविवार काढा आणि तो वरून खाली चाला. पाच-सहा ठिकाणी थांबा. पाण्याचं तापमान घ्या, पीएचची पट्टी बुडवा, दगड उलटा करा, एक बाटली भरा. बाटलीवर जागा आणि वेळ लिहा, नाहीतर घरी येईपर्यंत सगळ्या सारख्या दिसतात. थंडीत बाटल्या ऊबदार जागी ठेवा. आमच्या फ्रिजच्या मागे एक कप्पा या कामासाठी राखीव झाला आहे, सौ.ने त्यावर "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावली आहे. आणि फक्त घाण कुठे आहे ते लिहू नका. पाणी कुठे कमी झालं, कुठे नाहीसं झालं, कुठे पुन्हा आलं, तेही लिहा. कारण महापालिकेच्या अधिकाऱ्यापुढे काळी बाटली ठेवली की तो म्हणतो, सफाई करून घेतो. प्रवाहाचा नकाशा ठेवला की त्याला दुसऱ्या खात्याला बोलवावं लागतं.

मे महिन्यात आम्ही रिस्पना पुन्हा चालणार आहोत, राजपूर ते सुसवा. सकाळी सहाला निघतो. डेहराडूनला कुणी असलात तर या, जाड तळाचे बूट घाला, आणि प्यायचं पाणी घरून आणा.

आता प्रश्न घेऊ या.